कोळशाचा पेटारा: सोलापूरच्या कोरड्या उन्हात भाजी ताजी कशी ठेवावी

सकाळी आठला लक्ष्मी मंडईतून आणलेली कोथिंबिरीची जुडी एप्रिलात दुपारी दोनपर्यंत माना टाकते. मेथीचं तेच, शेपूचं तेच. घरात फ्रिज असेल तर निभावतं. पण शेतातल्या वस्तीवर, जिथे लाईट पाळीपाळीने येते, तिथे काय करायचं? मंडईत पोतं अंथरून बसणाऱ्या बाईने उरलेल्या वीस जुड्या कुठे ठेवायच्या? ती शेवटच्या तासाला येईल त्या भावात देऊन मोकळी होते.

यावर बिनविजेचा एक उपाय आहे: ओल्या कोळशाच्या भिंतींचा पेटारा. केनियात शेतकरी अशा कोळशाच्या खोल्याच उभ्या करतात. आपण घरापुरता, दोन क्रेट मावतील एवढा करू. माझा पेटारा गेले तीन उन्हाळे मागच्या पडवीत उभा आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी जे घोळ घातले तेही सांगतो, म्हणजे तुमचे वाचतील.

आधी टॉवेल वाळत घाला

पेटाऱ्यात गारवा आणणारा कोळसा नव्हे, सुकणारं पाणी. माठाचं तेच, जुन्या ट्रकला लटकवलेल्या कॅनव्हासच्या छागळीचंही तेच. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, आणि ती थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी सुकताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता नेतं. तेवढ्या उष्णतेत सात किलो बर्फ वितळेल. म्हणजे रोज एक बादली पाणी सुकवलंत तर बर्फाची मोठी लादी आणून ठेवल्यासारखंच झालं. अर्थात त्यातला बराच गारवा वाऱ्यावर जातो, सगळा भाजीला मिळत नाही.

पाणी सुकायला हवा कोरडी लागते. इथे आपलं नशीब उघडतं. ज्या कोरड्या फुफाट्याला आपण मार्चपासून शिव्या घालतो, त्याच्याच जोरावर हा पेटारा चालतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या वस्तूचं तापमान जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. पेटाऱ्यात प्रत्यक्षात त्याहून तीन-चार अंश जास्तच राहतं, तरी बाहेरच्यापेक्षा ते चौदा-पंधरा अंशांनी कमी. पावसाळ्यात मात्र हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की फार तर दोन अंशांचा फरक. तेव्हा जुलैत हा पेटारा करून "काही उपयोग नाही" म्हणू नका.

जागा ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. तीन सारखे टॉवेल घ्यायचे (सोलापुरात टॉवेलांना काय तोटा?), भिजवून सारखे पिळायचे आणि सावलीतल्या तीन जागी टांगायचे. जो आधी वाळेल तिथे पेटारा. माझा अंदाज होता विहिरीकडच्या कोपऱ्याचा, कारण तिथे हाताला गार वाटायचं. तो टॉवेल सगळ्यात शेवटी वाळला. तिथे हवा कोंडलेली होती. पहिला वाळला पडवीतला, जिथे दुपारचा वारा आरपार जातो. सावली हवी, पण वारा त्याहून हवा. पेटाऱ्यावर थेट ऊन येऊ देऊ नका, नाहीतर पाण्याचा अर्धा जोर उन्हाशी लढण्यातच जाईल.

आणखी खात्री हवी असेल तर भिंतीवर लावतात तसला साधा तापमापक घ्या. त्याच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळा आणि पाच मिनिटं पुठ्ठ्याने वारा घाला. आकडा जिथे थांबेल त्याखाली तुमचा पेटारा त्या दिवशी जाणार नाही. ताप बघायचा थर्मामीटर यासाठी वापरू नका, त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ एवढीच असते, आपला आकडा त्याच्या बराच खाली उतरतो.

काय काय लागेल

कोळसा लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसा. दगडी कोळसा अजिबात नको. इस्त्रीवाले जिथून घेतात त्या वखारीत मिळतो. तुकडे आवळ्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे हवेत. भुकटी दाबून बसते आणि हवेची वाट अडवते, मोठे ढलपे भरले तर मध्ये पोकळ्या राहतात. वखारवाला पोत्याच्या तळाची चुरी खपवायला बघतो, म्हणून पोतं उलटं करून बघूनच घ्या. खाली दिलेल्या मापाला पंचवीस-तीस किलो पुरतो.

सांगाड्याला दोन इंची चौकोनी लाकडं, बाभळीची किंवा निलगिरीची. प्लाय फुगतो, पातळ लोखंड गंजतं. जाळी अर्धा इंची, गॅल्व्हनाइज्ड, चौकोनी भोकांची. षट्कोनी भोकांची कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून बारीक कोळसा गळत राहतो आणि घूस ती सहज कुरतडते. याशिवाय बांधायची तार, यू आकाराचे खिळे, झाकणाला बांबू आणि गोणपाट, खाली ठेवायला पसरट घमेलं किंवा ट्रे, एक बादली, एक छोटा कॉक आणि शेतातल्या ठिबकची आठ-दहा फूट साधी नळी.

सांगाडा आणि कोळसा

आतलं माप दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. टोमॅटोची क्रेट त्यात एकावर एक बसतात. तरी तुमच्याकडचं क्रेट आधी मोजून घ्या. भिंतीची जाडी तीन इंच, म्हणून बाहेरून अडीच फूट बाय दोन फूट. पाय भिंतीच्या खाली फूटभर ठेवा. तळाला सलग फळी नको, बोटभर फटी ठेवून पट्ट्या मारा.

दार पुढून न ठेवता वरून झाकण करा. सुताराने मला पुढे दार करून दिलं होतं. ओल्या कोळशाच्या वजनाने महिन्याभरात बिजागऱ्या ओघळल्या, दार जमिनीला घासायला लागलं. शिवाय गार हवा जड असते. पुढचं दार उघडलं की ती पायावर सांडते. झाकण उघडलं तर तळाशी बसून राहते.

आतली आणि बाहेरची जाळी खिळ्यांनी ठोकून घ्या. मग दर सहा इंचांवर दोन्ही जाळ्या एकमेकींना तारेने बांधा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं तर पश्चात्ताप ठरलेला. मी टाळलं होतं. आठवड्यात बाहेरची जाळी गाभण म्हशीच्या पोटासारखी फुगली आणि वरच्या भागात कोळसाच उरला नाही.

कोळसा भरायच्या आदल्या रात्री भिजत घाला. कोरडा कोळसा पहिल्यांदा पाणी घेतच नाही. वरून ओतलं की पाणी सरळ खाली निघून जातं. ड्रममध्ये टाकला की तुकडे तरंगतात, त्यांच्या भोकांतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत राहतात आणि कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. वर जड भांडं ठेवून दाबा. सकाळी बरेच तुकडे बुडालेले दिसतील. काळं पाणी दोनदा ओतून टाका, म्हणजे पुढे फरशीवर ओघळ येणार नाहीत. उपसताना नाकाला रुमाल बांधा आणि जुने कपडे घाला. हा काळा रंग सहज निघत नाही.

भरताना सहा-सहा इंचांचा थर टाकून काठीने हलकं ठोका. चेपू नका. हात लावला तर कोळसा हलू नये, पण पलीकडून हवेची झुळूक यावी, इतपत.

झाकण म्हणजे बांबूची चौकट आणि तिच्यावर दुहेरी गोणपाट. तेही ओलं ठेवायचं.

पाणी

खरी मेख इथेच आहे. शेतात ठिबकची ड्रिपर असलेली नळी उरली होती, ती मी कौतुकाने भिंतीच्या माथ्यावर फिरवली आणि तिच्याहून तीन फूट उंच बादली टांगली. थेंब येईना. त्या ड्रिपरना पंपाचा दाब लागतो, बादलीचा पुरत नाही. मग साधी नळी घेतली, सुई तापवून दर तीन इंचांवर भोक पाडलं आणि शेवटचं टोक दुमडून बांधलं. भोकं खालच्या बाजूला ठेवा. बादलीच्या तोंडावर फडकं बांधा, नाहीतर गाळाने भोकं बुजतात.

कॉक दिवसभर थेंब-थेंब चालू ठेवण्यापेक्षा सकाळी, अकराला, दोनला आणि पाचला पाच-दहा मिनिटं सोडणं मला बरं वाटतं. कोळसा हाताला ओला लागला पाहिजे, पण सतत निथळायला नको. मे महिन्यात माझ्या पेटाऱ्याला दिवसाला साधारण एक बादली लागते. खालच्या घमेल्यात साठलेलं पाणी एकदा परत वर टाकलं तर चालतं, मग झाडांना घालावं. त्यात क्षार वाढत जातात आणि कोळशावर पांढरी खपली धरते. आपल्या बोअरच्या पाण्याने तर लवकरच धरते. महिन्यातून एकदा वरून दोन बादल्या गोडं पाणी ओतून कोळसा धुऊन काढा. साबणाचं किंवा तांदूळ धुतलेलं पाणी घालू नका, वास सुटतो.

आता अवघड भाग. शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असेल, तर त्या हिशेबाने पेटाऱ्यासाठी पन्नास-साठ लिटर बाजूला ठेवावे लागतील. ज्या घरी पिण्याचं पाणी टँकरने येतं त्यांनी हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी दोन माठांचा उपाय बरा. मोठ्या माठात वाळू, तिच्यात लहान माठ, वाळू ओली, वर ओलं फडकं. उत्तर नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात हीच जोडी गावोगाव पोचवली. तीन-चार किलो भाजी राहते आणि पाणी तांब्या-दोन तांब्यांत भागतं.

याउलट शेतावर पाणी असेल आणि माल मोठा असेल तर कोळशापेक्षा विटांचा शीतकक्ष बांधा. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने तो १९८० च्या दशकात तयार केला: विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट, तिच्यात ओली वाळू. साधारण १०० किलो माल बसतो. पेटाऱ्यासारखा उचलून हलवता मात्र येत नाही.

पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आजीच्या जाळीच्या कपाटाखाली असायच्या तशा. मुंग्या चढत नाहीत. वाटीत चमचाभर तेल टाका, म्हणजे डासांची अंडी व्हायची नाहीत.

काय ठेवायचं, काय नाही

पालेभाज्या, कोथिंबीर, भेंडी, गवार, वांगी, मिरच्या, लिंबं, गाजरं हे सगळं आत. वांगी तर फ्रिजपेक्षा इथे जास्त खूश असतात. फार थंडीत त्यांची साल डागाळते आणि आतल्या बिया काळ्या पडतात. डाळिंबाची साल बाहेरच्या कोरड्या हवेत चिवट होऊन आक्रसते, पेटाऱ्यातल्या ओलसर हवेत ती तशी होत नाही.

कांदा-लसूण चुकूनही ठेवू नका, कोंब फुटतात नाहीतर बुरशी धरते. पिकलेली केळी, आंबे आणि लाल टोमॅटो पालेभाजीबरोबर नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. दूध, शिजवलेलं अन्न, मटण, अंडी आणि औषधं यांच्यासाठी हा पेटारा नाहीच. २७-२८ अंश भाजीला गार वाटतात, जंतूंना मात्र ते घरच्यासारखे.

भाजी तापलेली असताना आत टाकू नका. शेतातून काढायची तर ऊन चढायच्या आधी काढा; मंडईतून आणलेली अर्धा तास सावलीत पसरा. पालेभाजीवर पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्यात सैल गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी गाठ मारून ठेवली तर आतच घाम धरून सडते. क्रेट काठोकाठ भरू नका आणि रोज एकदा हात घालून नासकं काढा. एक नासका आंबा आढी नासवतो, तशी एक मऊ पडलेली भेंडी क्रेट.

माझ्याकडे मे महिन्यात मेथी-कोथिंबीर तिसऱ्या दिवशीही आमटीत घालण्याजोगी असते, भेंडी पाच-सहा दिवस, लिंबं दोन आठवडे सहज. एक दिवस पाणी सोडायला विसरलो की हिशेब लगेच चुकतो.

कोळसा ओला असेपर्यंत आगीचं भय नाही, कोरडा झाला की आहे. चूल, बिडी, फटाके दूर ठेवा.

पहिला दमदार पाऊस झाला की पेटारा बंद. कोळसा काढून धुवायचा, पत्र्यावर वाळवायचा आणि पोत्यात भरून ठेवायचा. पुढच्या मार्चमध्ये तोच चालतो, दोन-तीन किलोची भर टाकली की झालं. पोत्यावर खडूने 'भाजीचा' असं मोठ्या अक्षरांत लिहा. माझं अर्धं पोतं जुलैत पोरांनी कणसं भाजण्यात संपवलं होतं.