फेरीमागे देणगी: शाळेत मदतनिधीसाठी धाव कशी भरवावी

मुलांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि ओळखीच्या लोकांनी प्रत्येक फेरीमागे ठरलेली रक्कम एखाद्या चांगल्या कामाला द्यायची, एवढीच कल्पना आहे. फेऱ्यांची मोजणी आणि पैशांचा हिशेब या दोन गोष्टी चोख राहिल्या की उपक्रम पुढच्या वर्षी आपोआप मोठा होतो. त्यातली एक जरी बिघडली तरी पालकांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात. म्हणून या लेखात झेंडे-फुगे कमी आणि दोरी, टेप, पावतीपुस्तक जास्त आहे.

तयारीला आठ आठवडे धरा. निम्मा वेळ मैदानाबाहेरच्या कामात जातो.

आधी काम ठरवा, मग आकडा

एका वर्षी एकच संस्था, एकच काम. "गरजूंना मदत" असे मोघम लिहिले की देणगीदार हात आखडता घेतो. "रुग्णालयातल्या मुलांच्या वाचनालयासाठी पुस्तके आणि दोन कपाटे" असे लिहिले की त्याला आपला पैसा कुठे जाणार हे डोळ्यांपुढे दिसते. तीन-चार संस्था शिक्षकांनी आधी पारखून घ्याव्यात. नोंदणी आहे का, लेखापरीक्षण झालेले हिशेब मागितल्यावर मिळतात का, देणगी संस्थेच्या नावाच्या खात्यात जाते का, हे पाहावे. यातून पार पडलेल्या संस्थांमधून निवड मात्र मुलांनी मतदानाने करावी. स्वतः निवडलेल्या कामासाठी मूल दहावी फेरीही पळते. संस्थेचे नाव वापरायला तिची लेखी परवानगी घ्या आणि पावत्या कोण देणार, संस्था की शाळा, हेही त्याच पत्रात ठरवून टाका.

खर्चाचे पैसे देणग्यांतून काढू नयेत. पाणी, मोजणीचे रबर (रबरबँड), छपाई, प्रथमोपचाराचे सामान यांचा खर्च शाळेने, पालक-शिक्षक संघाने किंवा एखाद्या प्रायोजकाने वेगळा उचलावा. मग अर्जावर "तुमची सगळी रक्कम संस्थेलाच जाईल" असे लिहिता येते.

देणगीचा अर्ज

अर्धे वाद या कागदावरच मिटतात. वरच्या भागात मुलाचे नाव, वर्ग आणि चेस्ट नंबर. खाली तक्ता: देणगीदाराचे नाव, प्रत्येक फेरीमागे रक्कम, जास्तीत जास्त किती, किंवा एकरकमी किती, सही, मिळालेली रक्कम, पावती क्रमांक.

"जास्तीत जास्त" हा रकाना विसरू नका. आत्या कौतुकाने फेरीमागे भरघोस रक्कम लिहिते, पोरगा वीस फेऱ्या मारून येतो, आणि मग ती अवघडते, मूल हिरमुसते. फेरी 200 मीटरची असेल तर 20 मिनिटांत चालत-पळत बहुतेक मुलांच्या 10 च्या आसपास फेऱ्या होतात. चपळ, सवयीचे मूल 20 पर्यंत जाऊ शकते. हा अंदाज अर्जावरच छापा, म्हणजे देणगीदार हिशेब करूनच आकडा लिहील. पाऊस आला तर धाव कोणत्या तारखेला होईल, तीही अर्जावर हवी.

मुलांनी घरोघर, अनोळखी दारी जाऊन देणगी मागू नये. नातेवाईक, शेजारी, पालकांचे सहकारी एवढ्यांपुरतेच ठेवा, हे पालकांना पत्रात स्पष्ट सांगा. ज्याच्याकडे एकही देणगीदार नाही अशा मुलासाठी शाळेने एक सामाईक निधी आधीच उभा करावा आणि त्याच्या फेऱ्यांचे पैसे त्यातून मोजावेत. अर्ज कोरा आला म्हणून मुलाला मैदानाबाहेर बसवणे हा या उपक्रमातला सगळ्यात मोठा अपराध आहे.

मैदान आखणे

अंदाजे आखलेली फेरी 170 मीटरची निघते किंवा 230 ची, आणि मग मुलांनी नेमके किती अंतर कापले ते कुणालाच सांगता येत नाही. खरी 200 मीटरची फेरी आखायला लागते एक 50 मीटरची टेप, चार खुंट्या, न ताणणारी दोरी आणि खडूची भुकटी. चुना वापरू नका. डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

आधी 50 मीटर लांब आणि 31.24 मीटर रुंद आयत आखा. दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही 58.96 मीटर भरले तर कोपरे काटकोनात आहेत. आता रुंदीच्या बाजूच्या मध्यावर खुंटी ठोका, 15.62 मीटर दोरी बांधा आणि बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ फिरवा. दुसऱ्या टोकालाही तसेच. ही झाली धावपट्टीची आतली कड. धावणारा कडेपासून साधारण 30 सेंटीमीटर अंतर ठेवून पळतो, म्हणजे त्याची त्रिज्या 15.92 मीटर होते, प्रत्येक वळण 50 मीटरचे होते आणि फेरी 200 ची. धावपट्टीची रुंदी 3 मीटर ठेवली तर एकूण जागा सुमारे 90 बाय 40 मीटर लागते.

मैदान लहान असेल तर 100 मीटरची फेरी: आयत 25 बाय 15.32, दोरी 7.66 मीटर. दोन मीटर रुंदीची पट्टी धरून 45 बाय 20 मीटरमध्ये बसते. मात्र वळणे तीव्र होतात, म्हणून एका वेळी 25 च मुले सोडा. आठ वर्षांखालच्या मुलांना हीच फेरी आणि दहाच मिनिटे पुरेत.

वळणांवर दर तीन मीटरला शंकू किंवा झेंडी हवी. नुसत्या रेघेवर मुले वळण कापतात. ती लबाडी नसते, दमलेले पाय आपोआप आत वळतात. पळायची दिशा घड्याळाच्या उलट, डावा हात आत. चालणाऱ्यांनी आतली कड धरायची आणि पुढे जाणाऱ्याने बाहेरून जायचे. हे उलटे केले तर चालणाऱ्या, दमलेल्या मुलालाच जास्त अंतर पडते. तीन मीटर बाहेरून चालले तर एका फेरीत जवळजवळ 19 मीटर वाढतात.

आदल्या संध्याकाळी पूर्ण फेरी चालून खड्डे, दगड, काचा, स्प्रिंकलरची तोंडे बघा. बुजवता न आलेला खड्डा शंकूने झाकू नका, पट्टीच तिथून हलवा आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढीच हलवा.

फेऱ्या मोजणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि त्याचे कारण साधे गणित आहे. 50 मुलांचा गट 20 मिनिटे पळाला आणि सरासरी 10 फेऱ्या झाल्या तर 500 वेळा कुणीतरी रेघ ओलांडते. म्हणजे दर मिनिटाला 25 वेळा, जवळजवळ दर अडीच सेकंदांनी एक. एका माणसाला हे मोजणे शक्यच नाही, मग तो कितीही दक्ष असो. म्हणून दहा मुलांमागे एक मोजणारा, पाच रंग, पाच जागा.

मुलांच्या चेस्ट नंबरवर रंगाची पट्टी लावा. मोजणारे सरळ भागाच्या मध्यावर, आतल्या बाजूला, एकमेकांपासून तीन मीटरवर असतील; वळणावर कधीच नको. मोजणीच्या जागी पट्टी तीनाऐवजी पाच मीटर रुंद करा, म्हणजे न थांबणारी मुले बाहेरून निघून जातील. रंगांना दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडले तर पहिल्या दोन फेऱ्यांतली झुंबड टळते. प्रत्येक रंगाची वेळ मात्र त्याच्या सुरुवातीपासूनच धरा.

मोजायची सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे रबर. प्रत्येक फेरीला एक रबर मनगटात, आणि त्याच वेळी मोजणाऱ्याच्या तक्त्यावर एक उभी रेघ, पाचवी आडवी. एक नोंद मुलाकडे, एक कागदावर. रुंद रबर घ्या, बारीक रबर मनगटाला करकचतात. पाच झाले की काढून एक रंगीत फीत द्या. दोनशे मुलांच्या सरासरी दहा फेऱ्यांना 2000 रबर लागतात. दहा टक्के जास्त, म्हणजे 2200 घ्या आणि आदल्या दिवशी वीस-वीसच्या जुड्या करून ठेवा. गोळा झालेल्या गाठोड्यातून एकेक रबर सोडवत बसलेला मोजणारा तीन मुले चुकवतो.

मोजणारे वीस मिनिटांनी थकतात, हे गृहीत धरूनच प्रत्येक गटाला नवी माणसे द्या. शाळेभोवतीची माणसे जोडायची उत्तम जागा हीच आहे: आजी-आजोबा, माजी विद्यार्थी, शेजारच्या घरांतली मंडळी. खुर्चीत बसून करता येणारे, पण अत्यंत महत्त्वाचे काम त्यांच्या हाती येते. आपल्याच घरचे मूल मात्र आपल्या रंगात ठेवू नका. रबर आणि रेघांत एका फेरीचा फरक आला तर मुलाच्या बाजूने धरा. जास्त आला तर तक्ता ग्राह्य, आणि हा नियम धावेआधी सगळ्यांना ऐकवा. ध्वनिवर्धक ऐनवेळी दगा देतो, म्हणून सुरुवात आणि शेवट शिट्टीनेच.

कुणी बाहेर राहू नये

कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाचा एक पाय कर्करोगामुळे 1977 मध्ये काढावा लागला होता. 1980 मध्ये कर्करोग-संशोधनासाठी निधी जमवायला तो कृत्रिम पायावर 143 दिवसांत 5,373 किलोमीटर पळाला. त्याच्या नावाने 1981 पासून भरणाऱ्या धावेत शर्यत नसते. शाळेनेही हेच धोरण ठेवावे. पहिला-दुसरा क्रमांक नाही, आणि कोणी किती पैसे आणले हे कधीही जाहीर नाही. नाहीतर घरची ऐपत सगळ्यांसमोर मोजली जाते. जाहीर करायचीच असेल तर शाळेची मिळून एकूण फेऱ्यांची संख्या करा. 2000 फेऱ्या म्हणजे 400 किलोमीटर. नकाशावर तेवढे अंतर रंगवत नेले की पहिलीतल्या मुलाची चौथी फेरीही त्यात दिसते.

व्हीलचेअरवरच्या मुलासाठी पट्टीचा एक मीटर भाग कडक आणि सपाट असावा. ज्याला एक फेरी जड आहे त्याच्यासाठी अर्धी फेरी हीच एक फेरी धरा, आणि ते अर्जावर आधीच लिहा. मोठ्या वर्गातले मूल लहानग्याचा जोडीदार म्हणून पळाले तर दोघांच्याही फेऱ्या मोजा.

पाणी, ऊन, दुखापत

धाव सकाळी लवकर ठेवा. माणशी अर्धा लिटर धरला तर दोनशे मुलांना 100 लिटर पाणी. मोठ्यांसाठी आणखी 25. पाण्याची जागा मोजणीपासून दूर, समोरच्या सरळ भागावर आणि पट्टीच्या बाहेर ठेवा. सांडलेल्या पाण्यावर मुले घसरतात.

संमतीपत्रात दमा, हृदयविकार, अपस्मार, ॲलर्जी यांची विचारणा हवी. दम्याच्या मुलाचा इनहेलर वर्गातल्या दप्तरात काही कामाचा नाही. नाव लिहून तो प्रथमोपचाराच्या टेबलावरच हवा. चक्कर, मळमळ, डोकेदुखी दिसली की मुलाला सावलीत आडवे करून पाय थोडे उंच करा, शुद्धीत असेल तर घोट-घोट पाणी द्या. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो: लगेच रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिकेसाठी एक फाटक दिवसभर मोकळे ठेवा.

पैसे

धाव झाल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक अर्जावर फेऱ्यांचा आकडा, शिक्का आणि सही करून तो घरी पाठवा. वसुलीला दोन आठवडे पुरे. त्याहून जास्त दिले तर उत्साह ओसरतो आणि अर्ज हरवतात.

रोख रक्कम बंद पाकिटात, अर्जासह, पालकांच्या हातून यावी. पाकीट उघडताना दोन माणसे हवीत: एकाने मोजायचे, दुसऱ्याने पुन्हा मोजून लिहायचे, दोघांच्या सह्या. पावतीपुस्तक अनुक्रमांकाचे घ्या, स्थळप्रत शाळेत ठेवा, चुकलेली पावती फाडून टाकू नका. आडवी रेघ मारून जागच्या जागी ठेवा. रोख त्याच दिवशी बँकेत. कोणत्याही शिक्षकाच्या वा पालकाच्या वैयक्तिक खात्यात एक पैसाही जाऊ नये, अगदी "दोन दिवसांपुरता" सुद्धा.

कबूल केलेली सगळी रक्कम येत नाही. म्हणून मैदानावर कबुलीचा आकडा जाहीर करू नका. फेऱ्या जाहीर करा, पैसे आल्यावर पैसे. आठवण एकदाच, पालकांना पत्राने करा. वर्गात मुलाला उभे करून विचारू नका, देणे त्याचे नाही. कुणी "जेवढे पैसे जमतील तेवढेच मी माझे घालीन" म्हणाले तर आनंदाने घ्या, पण कमाल मर्यादा लेखी ठरवा.

तीन आठवड्यांत हिशेब सूचनाफलकावर लावा: किती जमले, किती संस्थेला दिले, खर्च किती झाला आणि तो कुणी उचलला. संस्थेची पावती त्याच्या शेजारी. देणगीदारांना मुलांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात. त्यात फेऱ्यांचा आकडा असावा.

मोजणीचे तक्ते, स्थळप्रती आणि संमतीपत्रे एका फाइलमध्ये बांधा. 15.62 मीटरची दोरी दोन्ही टोकांना गाठ मारून, चिठ्ठी लावून क्रीडासाहित्याच्या खोलीत टांगा आणि खुंट्यांच्या चार जागा भिंतीपासून मोजून कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मैदान आखायचे काम निम्म्यावर येईल.