काजूची फवारणी: तोंडावरचा रुमाल पुरत नाही

डिसेंबर उजाडला की गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या डोंगरांवर काजू पालवतो आणि पालवीमागोमाग ढेकण्या, म्हणजे कोवळ्या फुटीचा रस शोषणारा किडा, येतो. कोवळ्या फुटीवर काळे चट्टे पडले, मोहोर करपू लागला की पंप बाहेर निघतात. कुठले औषध, किती प्रमाणात आणि किती वेळा, हे विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्या. हा सल्ला फवारणाऱ्या माणसाच्या अंगाबद्दल आहे. झाडाची जेवढी चौकशी होते, तेवढी त्याची होत नाही.

विष श्वासातून जाते ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. म्हणून नाकातोंडाला रुमाल बांधायचा आणि खाली गंजीफ्रॉक, हाफ पँट. खरे तर फवारताना औषधाचा मोठा वाटा कातडीतूनच अंगात शिरतो. कॅलिफोर्नियातील त्वचातज्ज्ञ हॉवर्ड मैबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली याची मोजणी प्रसिद्ध केली. पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी लावून त्यातले किती लघवीतून बाहेर पडते, ते त्यांनी पाहिले. मनगट ते कोपर या भागातून सुमारे ९ टक्के आत गेले, तळहातातून १२. कपाळातून मात्र ३६, कानाच्या भोकातून ४६, काखेतून ६४ आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच. (मैबाख यांनी तुरुंगातल्या कैद्यांवरही कीटकनाशकांचे प्रयोग केले होते. त्याबद्दल त्यांच्या विद्यापीठाने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. ज्ञान कामाचे आहे, पण त्याची किंमत कोणी मोजली हेही ठाऊक असावे.)

आता काजूची फवारणी डोळ्यांसमोर आणा. झाड उंच, नळी वर धरलेली, मान मागे. फवारा कपाळावर, कानात, गळ्यावर पडतो. वर केलेल्या हातावरून ओघळ थेट काखेत जातो. पाठीवरचा पंप झाकणातून गळत असेल तर पाणी कमरेवरून जांघेत उतरते. ज्या जागांतून विष सर्वांत जास्त शिरते, नेमक्या त्याच जागा भिजतात! २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. पॅराथिऑन आज कोणी वापरत नाही, पण काजूवर मारले जाणारे प्रोफेनोफॉस त्याच गटातले आहे.

म्हणून पंप भरण्याआधी झाकणाचा वायसर आणि पट्ट्याखालची जागा बघा. गळका पंप त्या दिवशी बाजूला ठेवा. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, कान आणि मान झाकणारी टोपी, डोळ्यांना चष्मा हवा. हातमोजे रबरी किंवा नायट्राइलचे घ्या, कापडी नकोत, ते औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतात. वर फवारताना सदऱ्याची बाही मोज्याच्या आत घाला आणि मोज्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ तिथेच अडतो. पँट मात्र गमबुटाच्या बाहेर सोडा. औषध मोजताना आणि कालवताना तर मोजे हवेतच, कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेले असते. दुपारी समुद्राकडून वारा सुटायच्या आत काम उरका आणि वाऱ्याकडे पाठ करून फवारा.

कपडे भिजले तर तिथेच बदला, घरी जाईपर्यंत थांबू नका. काम संपल्यावर साबण लावून आंघोळ करा, कानामागे आणि काखेत विशेष चोळून. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. ते धुणाऱ्या बाईच्या हातालाही तेच विष लागते, आणि तिला मोजे कोणी देत नाही. तिलाही द्या.

झाडावर हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची घरटी असतील तर मोडू नका. त्या ढेकण्याला आवर घालतात, आणि जी फवारणी टळली तिचे विष अंगाला लागत नाही.

घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधुक, बाहुल्या बारीक, स्नायू फडफडणे, यातले काही दिसले तर त्या माणसाला सावलीत आणा, कपडे उतरवून अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या, डॉक्टर आधी तीच मागतील.