पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा आणि संध्याकाळची सूज: माझा अनुभव

संध्याकाळ झाली की डावी पोटरी जड होई, मोज्याचा वळ उमटे आणि घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळपट पडून खाजू लागली होती. तेलाचे मालीश, मलम, क्रेप बँडेज, सारे व्यर्थ गेले. अक्षरशः वैताग आला होता.

उपयोग झाला तो उभे करून केलेल्या कलर डॉपलरचा, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा. मांडीतील मोठ्या वरवरच्या शिरेच्या झडपा निकामी होऊन रक्त उलटे उतरत होते. खोल शिरांत गुठळी नव्हती, आणि ही खात्री आधी व्हायलाच हवी. मग जागेपुरती भूल देऊन गुडघ्याजवळून लेसरची तार जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते त्याच्या सुमारे २ सेंटिमीटर अलीकडेपर्यंत सरकवली, शिरेभोवती भुलीचे पातळ द्रावण भरले आणि तार मागे खेचत शीर बंद केली. त्याच दिवशी चालवले. दाबाचे मोजे सकाळी, सूज चढण्याआधीच घालायचे होते. उरलेल्या बारीक शिरा नंतर औषधाच्या फेसाच्या इंजेक्शनाने मिटवल्या.