वर्ग आणि गुन्हा: सांगलीत समाजशास्त्र शिकताना

समाजशास्त्राच्या एम.ए.ला गुन्हेगारीचा पेपर घेतला की वर्गाचा प्रश्न येतोच, आणि आमच्या सांगलीकडचे बहुतेक विद्यार्थी ‘दारिद्र्यामुळे गुन्हे वाढतात’ एवढ्या एका विधानावर सगळे उत्तर उभे करतात. नव्याने येणाऱ्यांना माझे सांगणे असे, की सिद्धांत हाती घेण्याआधी गुन्ह्याची नोंद कोण करते ते पाहावे; पोलिसांच्या दप्तरात घडलेले सगळे गुन्हे नसतात, नोंदवले गेलेले तेवढेच असतात.

वाचनाची सुरुवात अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या १९३८ च्या लेखापासून करावी. यशाचे उद्दिष्ट समाज सर्वांपुढे ठेवतो, परंतु तेथवर पोहोचण्याची वैध साधने वर्गागणिक विषम वाटली जातात आणि त्या ताणातून विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडणारे वर्तन, जन्मते, असे ते मांडतात. या ताणाला माणसे देतात त्या प्रतिसादांचे त्यांनी सांगितलेले पाच प्रकार पाठ केल्याने गुण मिळतात, हे खरे. पण निव्वळ गरिबी गुन्ह्याला पुरेशी नाही, हे त्यांचेच म्हणणे उत्तरपत्रिकांत क्वचित दिसते.

त्यानंतर प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड वाचलेच पाहिजेत. १९४९ च्या अभ्यासात त्यांनी अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांविरुद्ध गेलेले ९८० निर्णय मोजले. त्यांपैकी फौजदारी न्यायालयांचे अवघे १५८ होते, बाकीचे दिवाणी न्यायालये आणि प्रशासकीय आयोगांचे. प्रतिष्ठितांचे गुन्हे फौजदारी आकडेवारीत का दिसत नाहीत, याचे याहून नेमके उत्तर मला तरी अन्यत्र सापडले नाही. पुढे समाजशास्त्रज्ञ टिटल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये वर्ग व गुन्हेगारी यांचा संबंध हे मिथक असल्याचा दावा केला; त्यावरचा वाद मोठा आहे, पण पेपरापुरता तो थोडक्यात वाचला तरी चालतो.

गुन्हा ठरवतो कोण, हा संघर्षवाद्यांचा, म्हणजे कायद्यामागे सत्ताधाऱ्यांचे हित पाहणाऱ्यांचा, प्रश्न समजण्यासाठी मात्र परदेशी उदाहरणांची गरज नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकारही, तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात, इंग्रजांच्या लेखी गुन्हेगारीच होते. गावकऱ्यांसाठी तेच न्यायनिवाडा करणारे सरकार होते.

लघुप्रबंधासाठी विषय शोधत असाल तर मी बेकायदा सावकारी सुचवीन, कारण येथे गुन्हा करणारा बहुधा सधन आणि सोसणारा गरजू असतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, पण तक्रारी पोलिसांकडे जातात तशा सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडेही जातात. म्हणून दोन्हीकडची माहिती रीतसर अर्ज करून मागवावी आणि मगच प्रश्नावली तयार करायला बसावे.