एनपीएसमधील रकमेची करवजावट मागताना या चुका टाळा

आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ८०सीसीडी हे एकच कलम असले, तरी त्याच्या पोटात तीन स्वतंत्र वजावटी आहेत, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, पैसे भरणाऱ्यांच्या बहुतेक चुका या तिघींची सरमिसळ केल्यामुळे होतात. उपकलम (१) हे खातेदाराने स्वतः भरलेल्या रकमेसाठी आहे आणि ते ८०सी व ८०सीसीसी यांच्यासह दीड लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत बसते. उपकलम (१बी) हेही स्वतः भरलेल्या रकमेसाठीच आहे, मात्र त्याची पन्नास हजार रुपयांची मर्यादा दीड लाखांच्या बाहेरची आहे. ही वजावट २०१५-१६ या आर्थिक वर्षापासून मिळू लागली. उपकलम (२) नियोक्त्याने आपल्या कर्मचाऱ्याच्या खात्यात भरलेल्या हिश्श्यासाठी आहे आणि त्याचा दीड लाखांशी किंवा पन्नास हजारांशी काहीही संबंध नाही. एकाच कपाटातले हे तीन खण आहेत, असे समजावे. पैसे एकाच खात्यात जातात, पण विवरणपत्रात त्यांचा खण चुकला की वजावट तरी बुडते किंवा नोटीस तरी येते.

पुढील विवेचन २०२५-२६ या आर्थिक वर्षातील उत्पन्नाला धरून केले आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. परंतु २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र १९६१ च्या अधिनियमाप्रमाणेच भरायचे असल्याने येथे जुने क्रमांक ठेवले आहेत.

करप्रणाली न ठरवताच पैसे भरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली झाली, आणि त्या प्रणालीत उपकलम (१) व (१बी) या दोन्ही वजावटी मिळत नाहीत. तरीही मार्च महिन्यात ‘पन्नास हजारांची जादा वजावट’ ही जाहिरात वाचून लोक पैसे भरतात आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना तो रकाना उघडतच नाही, हे त्यांच्या लक्षात येते. तोवर पैसे टिअर-१ खात्यात, म्हणजे साठीपर्यंत सहजासहजी हाती न येणाऱ्या खात्यात, जाऊन बसलेले असतात. निवृत्तीसाठी बचत म्हणून ते वाया गेलेले नाहीत, हे खरे. पण कर वाचावा एवढ्याच हेतूने ते भरले असतील, तर तो हेतू मुळीच साधलेला नसतो.

येथे साधे गणित आधी करावे. जुन्या प्रणालीत तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या करदात्याचे पन्नास हजारांच्या वजावटीमुळे उपकर धरून १५,६०० रुपये वाचतात आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचे १०,४०० रुपये. मात्र २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत, विशेष दराने कर लागणारे उत्पन्न वगळता, बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे अकरा लाख उत्पन्न असलेल्या माणसाने केवळ करासाठी पन्नास हजार अडकवण्यात अर्थ नाही. जुन्या प्रणालीतसुद्धा इतर वजावटींनंतर करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत येत असेल, तर कलम ८७ए मुळे कर आधीच शून्य झालेला असतो आणि पुढची प्रत्येक वजावट कागदावरच राहते.

जुनी प्रणाली फायद्याची ठरत असेल, तर ती वेळेत निवडावी लागते. ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न नाही, त्यांना हा पर्याय दरवर्षी विवरणपत्रातच निवडता येतो, पण ते विवरणपत्र मूळ मुदतीत भरलेले असले पाहिजे. मुदत उलटल्यावर भरलेल्या विवरणपत्रात नवी प्रणालीच लागू होते आणि पन्नास हजारांसकट सर्व जुन्या वजावटी हातच्या जातात. डॉक्टर, वकील, दुकानदार अशा व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना यासाठी फॉर्म १०-आयईए स्वतंत्रपणे व मुदतीत भरावा लागतो. त्यांनी एकदा जुनी प्रणाली निवडून पुन्हा नवीकडे परतल्यावर, व्यवसायाचे उत्पन्न असेतोवर जुनीकडे पुन्हा जाता येत नाही. कार्यालयाला वर्षाच्या सुरुवातीस कळवलेली प्रणाली ही फक्त टीडीएससाठी असते. विवरणपत्रात ती बदलता येते, ही गोष्ट अनेक पगारदारांना ठाऊकच नसते.

रक्कम चुकीच्या खणात टाकणे

उदाहरण म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका घेऊ. त्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दरमहा ७०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ८,४०,००० रुपये होतात. त्यांच्या पगारातून दहा टक्के, म्हणजे वर्षभरात ८४,००० रुपये एनपीएससाठी कापले जातात आणि शासन आपला चौदा टक्के हिस्सा, म्हणजे १,१७,६०० रुपये, भरते. शिवाय त्यांनी आयुर्विम्याचा हप्ता ४०,०००, पीपीएफ ६०,००० आणि मुलांचे शिक्षण शुल्क ३५,००० रुपये असे एकूण १,३५,००० रुपये ८०सी मध्ये दाखवण्याजोगे खर्च केले आहेत. त्यांनी जुनी प्रणाली निवडली आहे.

आता कार्यालयातील लिपिकाने सवयीप्रमाणे सगळे ८४,००० रुपये उपकलम (१) मध्ये टाकले, तर १,३५,००० मिळवून बेरीज २,१९,००० होते, वजावट मात्र दीड लाखच मिळते आणि ६९,००० रुपयांवर पाणी सोडावे लागते. त्याऐवजी त्याच ८४,००० मधले ५०,००० आधी (१बी) मध्ये दाखवले आणि उरलेले ३४,००० उपकलम (१) मध्ये ठेवले, तर दीड लाखांची मर्यादा तरीही पूर्ण भरते आणि एकूण वजावट दोन लाख होते. एकच रुपया दोन्ही ठिकाणी दाखवता येत नाही, एवढेच बंधन कायद्यात आहे. (१बी) ची वजावट उपकलम (१) खाली काही मिळाले असो वा नसो, मिळते, असे कायद्याचे शब्द आहेत. म्हणून कोणता खण आधी भरायचा, हे करदात्याने स्वतः ठरवावे.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. या शिक्षिकेला मार्चमध्ये कोणी ‘एनपीएसमध्ये वेगळे पन्नास हजार भरा, वेगळी सूट मिळेल’ असा सल्ला दिला, तर तो सल्ला तिच्यासाठी निरुपयोगी आहे. तिचा (१बी) चा खण पगारातून झालेल्या कपातीनेच भरला आहे. पगारातून कापलेली रक्कम (१बी) मध्ये चालत नाही, त्यासाठी वेगळे पैसे बाहेरूनच भरावे लागतात, हा गैरसमज शाळा-महाविद्यालयांत आजही सर्रास आढळतो.

उपकलम (१) ला दीड लाखांशिवाय आणखी एक मर्यादा आहे. पगारदारांसाठी ती मूळ वेतन आणि सेवाशर्तींनुसार मिळणारा महागाई भत्ता यांच्या दहा टक्के आहे; घरभाडे भत्ता किंवा इतर भत्ते त्यात धरायचे नाहीत. स्वयंरोजगारित व्यक्तींसाठी ती सकल एकूण उत्पन्नाच्या वीस टक्के आहे. उलाढालीच्या वीस टक्के धरणारे हिशेब मी पाहिले आहेत. ते साफ चुकीचे असतात.

नियोक्त्याचा हिस्सा: दोनदा मोजणे किंवा अजिबात न मोजणे

उपकलम (२) ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते, आणि नव्या प्रणालीत राहिलेल्या पगारदारासाठी एनपीएसशी निगडित हीच काय ती मोठी करसवलत आहे. केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी तिची मर्यादा दोन्ही प्रणालींत चौदा टक्के आहे. खासगी क्षेत्रात जुन्या प्रणालीत ती दहा टक्के आहे आणि नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून ती चौदा टक्के झाली आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दरमहा ८०,००० रुपये असतील, तर नव्या प्रणालीत वर्षाला १,३४,४०० रुपयांपर्यंतचा हिस्सा वजावटीस पात्र ठरतो.

येथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे, नियोक्त्याचा हिस्सा आधी पगाराच्या उत्पन्नात मिळवायचा असतो आणि मग वजा करायचा असतो. फॉर्म १६ मधील एकूण पगारात तो मिळवलेलाच नसेल आणि करदात्याने वजावट मात्र मागितली, तर करपात्र उत्पन्न चुकीने कमी होते. त्यामुळे विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म १६ मधील पगाराचा तपशील आणि एनपीएसचे वार्षिक विवरण शेजारी ठेवून ताळा करावा. दुसरे म्हणजे, नियोक्त्याची रक्कम (१बी) मध्ये दाखवणे. ही चूक कार्यालयीन पत्रकांतूनच विवरणपत्रात येते. तिसरे म्हणजे, कर्मचाऱ्याने स्वतःच्या बँक खात्यातून पैसे भरून ते ‘कॉर्पोरेट एनपीएस’ म्हणून उपकलम (२) मध्ये दाखवणे. नियोक्त्याने पगाराच्या रचनेत तरतूद करून स्वतः भरलेली रक्कमच येथे चालते. अशी तरतूद हवी असेल, तर आर्थिक वर्षाच्या आरंभीच मनुष्यबळ विभागाशी बोलावे. मार्चमध्ये मागची तारीख घालून ती करता येत नाही.

मोठा पगार असणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. भविष्यनिर्वाह निधी, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन निधी या तिन्हींत मिळून नियोक्त्याचा हिस्सा वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेला, तर वरची रक्कम आणि तिच्यावरील वाढही पगारातील सुविधा म्हणून करपात्र होते. नोकरी बदलताना दोन नियोक्त्यांचे हिस्से मिळून ही मर्यादा ओलांडली जाते आणि दोघांपैकी कोणालाच त्याचा पत्ता नसतो.

खाते चुकीचे, योजना चुकीची

टिअर-२ खात्यातील, म्हणजे एरवी हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या खात्यातील, रकमेवर वजावट मिळत नाही. अपवाद फक्त केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि तोही तीन वर्षे पैसे न काढण्याच्या अटीवर ८०सी खाली. मोबाइलवरून पैसे भरताना टिअर-१ ऐवजी टिअर-२ निवडले जाणे फार सोपे आहे, म्हणून पावतीवरचा खात्याचा प्रकार त्याच दिवशी पाहावा.

पत्नीच्या किंवा पतीच्या एनपीएस खात्यात भरलेल्या रकमेची वजावट भरणाऱ्याला मिळत नाही, कारण कायद्यात ‘स्वतःच्या खात्यात’ असे म्हटले आहे. अल्पवयीन मुलांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एनपीएस वात्सल्य योजनेपुरता याला अपवाद करण्यात आला असून २०२५-२६ पासून आईवडिलांना तेथे भरलेल्या रकमेची वजावट मिळते; पण स्वतःचे आणि मुलांचे मिळून पन्नास हजारांची मर्यादा तीच राहते. दोन मुले म्हणून लाख, असा हिशेब होत नाही.

विमा कंपन्यांच्या निवृत्तिवेतन योजनांचा हप्ता ८०सीसीसी मध्ये, म्हणजे दीड लाखांच्या आतच, बसतो. विक्रेत्याने ‘पेन्शन प्लॅन’ हा शब्द वापरला म्हणून तो (१बी) मध्ये जात नाही. अटल पेन्शन योजनेतील रक्कम मात्र ८०सीसीडी खाली चालते. आयकर भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून तीत नव्याने सहभागी होता येत नसले, तरी त्याआधीच्या खातेदारांची वजावट त्यामुळे थांबलेली नाही. परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी तेथील निवृत्तिवेतन खात्यात भरलेली रक्कम भारतातील उत्पन्नातून या कलमाखाली वजा होत नाही.

पगारातून कापले, पण खात्यात पोहोचले नाही

अनुदानित शाळांतील कर्मचाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे आणि तिच्यात त्यांचा दोष नसतो. वेतन देयकात कपात दिसते, फॉर्म १६ मध्येही दिसते, परंतु प्राण क्रमांकाच्या, म्हणजे एनपीएस खात्याच्या कायम क्रमांकाच्या, विवरणात त्या महिन्यांच्या जागी शून्य असते. कायद्याची भाषा ‘भरलेली अथवा जमा केलेली’ रक्कम अशी असल्यामुळे तपासणीत खात्याच्या विवरणालाच वजन असते. अशा वेळी दर तिमाहीस विवरण उतरवून घ्यावे, राहिलेले महिने नोंदवून आहरण व संवितरण अधिकाऱ्यास, म्हणजे वेतन देयके काढणाऱ्या अधिकाऱ्यास, लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी. तोंडी पाठपुराव्याचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

स्वतः ऑनलाइन पैसे भरणाऱ्यांनी ३१ मार्चची संध्याकाळ टाळावी. बँकेतून रक्कम वजा होणे आणि ती विश्वस्त बँकेत पोहोचणे यांत वेळ जाऊ शकतो आणि मध्ये वर्ष बदलते. विवरणपत्रातला आकडा बँक पासबुकावरून न घेता एनपीएसच्या व्यवहार विवरणावरून घ्यावा आणि प्राण क्रमांक हाताशी ठेवावा, कारण विवरणपत्रात तो विचारला जातो.

चूक झाल्यावर

कार्यालयाने वजावट धरली नाही आणि टीडीएस जादा कापला गेला, तर घाबरण्याचे कारण नाही. पुरावा असल्यास ती थेट विवरणपत्रात मागता येते आणि परतावा मिळतो. विवरणपत्र भरल्यावर चूक लक्षात आली, तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरावे. विभागाने कलम १४३(१) खाली फेरफार सुचवणारी सूचना पाठवली, तर उत्तरासाठी तीस दिवस असतात. आकडा बरोबर असेल तर विवरणाच्या आधारे असहमती नोंदवावी, चुकला असेल तर मान्य करून विषय संपवावा.

न भरलेल्या रकमेची वजावट दाखवण्याचा सल्ला देणारे लोकही आहेत. पुरावे विवरणपत्रासोबत जोडावे लागत नाहीत, यावर त्यांची भिस्त असते. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींच्या संदर्भात देशभरात दीडशेहून अधिक ठिकाणी पडताळणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास कलम २७०ए खाली कराच्या दोनशे टक्के दंड होऊ शकतो, आणि तो सल्लागाराला नव्हे, करदात्याला भरावा लागतो. ज्यांच्याकडून आधीच्या वर्षांत असे घडले आहे, त्यांना अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे सुधारित विवरणपत्राची मुदत संपल्यावरही भरता येणारे विवरणपत्र, भरून जादा करासह ते दुरुस्त करता येते. उलट, विसरलेली खरी वजावट मिळवण्यासाठी किंवा परतावा वाढवण्यासाठी अद्ययावत विवरणपत्र चालत नाही. त्यासाठी सुधारित विवरणपत्राची मुदतच गाठावी लागते.