मृगाच्या आधी सांदवाडी

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि मृगाला जेमतेम पंधरा दिवस उरतात. या दिवसांत वऱ्हाडातला माणूस वावराची वखरणी आणि बियाण्याची जुळवाजुळव यांतच बुडालेला असतो. घरामागची सांदवाडी आठवते ती पहिला पाऊस पडल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. आमची सांदवाडी तीन गुंठ्यांची आहे: दोन संत्री, एक कागदी लिंबू, पेरू, सीताफळ, कुंपणाला मुनगा (शेवगा) आणि बाकी भाजीपाला. तेवढ्यालाही सकाळी सहा ते साडेआठ असे पंधरा दिवस पुरे लागतात. साडेआठनंतर ऊन उभं राहू देत नाही.

सगळ्यांत आधी पाणी बाहेर जायची वाट करायची. आमचं तिसरं संत्र मी याच बाबतीत चुकले म्हणून गेलं. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून खोडाशी मातीची भर लावली होती, त्यात कलमाचा जोड बुजला. पुढे झडीचा पाऊस लागला, काळी माती आठ-आठ दिवस सुकेना. दिवाळीच्या सुमारास बुडाजवळची साल फुटून डिंक ओघळू लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड पिवळं पडून वाळलं. हाच डिंक्या. त्याची फायटोप्थोरा नावाची बुरशी ओल्या मातीतच फोफावते, आणि डिंक दिसेपर्यंत आत बरीच साल कुजलेली असते. आता मी दरवर्षी प्रत्येक लिंबूवर्गीय झाडाच्या बुडाशी बसून माती हातानं मागे ओढते, कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर तरी उघडा दिसेपर्यंत. मग दुहेरी आळं करायचं: खोडाभोवती एक छोटी गोल वरंबी, बाहेर फांद्यांच्या घेराएवढी दुसरी, आणि पाणी फक्त दोन्हींच्या मध्ये. पावसाळ्यासाठी बाहेरच्या वरंबीला उताराच्या बाजूनं तोंड पाडून तिथून कुंपणापर्यंत फूटभर खोल चर काढायचा. पंधरवड्यातलं एकच काम जमणार असेल तर हेच करा.

त्यानंतर सल काढायची. संत्र्या-लिंबाच्या वाळक्या काड्या कापताना खालचा बोटभर हिरवा भागही घ्यायचा, नाहीतर रोग तिथूनच खाली उतरत राहतो. कलमाच्या जोडाखालून फुटलेले पाणसोट बुडातून काढायचे. ती जंबेरीची, म्हणजे ज्या खुंटावर कलम बांधलेलं असतं त्याची फूट असते, तिला संत्री लागत नाहीत, आणि ती वरच्या झाडाचं पोषण खाते. कापलेली सल झाडाखाली ठेवू नका, ती लांब नेऊन जाळायची.

मग बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीला अटकाव करणारा मोरचूद-चुन्याचा लेप. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवून गाळून घ्यायचा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाचं भांडं मोरचूद खातो. दोन्ही द्रावणं एकत्र ओतून ढवळल्यावर त्यात लोखंडी विळा मिनिटभर बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलेला असतो, थोडा वाढवायचा. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सगळ्या खोडाला ब्रशनं लावायची. डिंक आलेला असेल तर आधी कुजकी साल धारदार चाकूनं खरवडून घ्यायची. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, उरलेली दुसऱ्या दिवशी कामाची नाही. मोरचूद सेंद्रिय बागेतही मर्यादेत चालतो. मर्यादेतच ठेवा, कारण तांबं मातीत साठत जातं.

नवीन झाड लावायचं असेल तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा आत्ताच खोदून उन्हात तापू द्यावा. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड घालावी. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा वास आला तर ते कच्चं आहे, त्यानं हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधळी (वाळवी) दोन्ही येतात.

भाजीसाठी काळ्या मातीत सपाट वाफे करू नयेत. तीन फूट रुंद, वीतभर उंच गादीवाफे घ्या. गेल्या वर्षी वांगी, टमाटे, मिरची होती त्या जागी यंदा बरबटी (चवळी) किंवा भेंडी. वांग्याचं रोप नवतपा संपता संपता टाकलं तर जुलैत लावायला येतं. दोडकी, कारली, कोहळं यांच्या मांडवासाठी बल्ल्या आणि तुराट्या आत्ताच जमवा, पाऊस लागल्यावर कोरडी तुराटी कुणाकडे मागायची? सासूबाई राखेत ठेवलेलं दोडक्याचं बी काढून पाण्यात टाकतात, तरंगलेलं फेकतात. पहिल्या सरीला बी टोकायचा मोह आवरावा. खुरप्यानं उकरून वीतभर खोल ओल लागली की मगच.

अमरावती जिल्ह्यातल्या नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्यामुळे जीवामृत आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालं. छोट्या बागेला वीस लिटर पुरे: किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि आठवड्याच्या आत ओल्या मातीत द्यायचं. तापलेल्या कोरड्या मातीत ते वाया जातं, म्हणून मी पहिला चांगला पाऊस होईपर्यंत थांबते.

पाऊस सुरू होताना कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात भरायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरतात. मावा दिसला की अर्धा किलो कुटून रात्रभर भिजवून गाळलेला अर्क दहा लिटर करायचा आणि त्यात वीस ग्रॅम साबण विरघळवून संध्याकाळी फवारायचा. लिंबावरची अळी मात्र हातानंच वेचलेली बरी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पान उलटसुलट करून बघावं.

पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेरीस खोडांना पेस्टचा दुसरा हात द्यायचा असतो. त्यासाठी मोरचूद आत्ताच दुप्पट आणून कोरड्या बरणीत ठेवते. चुना मात्र तेव्हाच ताजा आणायचा, दमट हवेत राहिलेला आपोआप विरून जातो.