१९२२चा ‘डी’ नसलेला लिंकन सेंट: अस्सल की खरवडलेला?

१९२२ साली अमेरिकेत सेंट (लिंकनची छबी असलेली एक सेंटची नाणी) फक्त डेन्व्हरच्या टांकसाळीत पडले, त्यामुळे सालाखाली डेन्व्हरची खूण ‘डी’ हवीच. ती नसेल तर बहुधा ठसा (नाणं पाडायचा साचा) घासून गुळगुळीत झालेला असतो, नाहीतर कुणीतरी अक्षर खरवडलेलं असतं.

आधी नाणं उलटं करा. सर्वांत मोलाच्या प्रकारात मागचा ठसा जोरकस आहे, म्हणून गव्हाच्या लोंब्यांच्या रेघा ठसठशीत दिसतात. पुढच्या बाजूला ‘इन गॉड वी ट्रस्ट’ या ब्रीदातल्या ‘ट्रस्ट’ची अक्षरं रेखीव आणि सालातला दुसरा २ पहिल्यापेक्षा स्पष्ट हवा. मागची बाजू पुसट असेल तर तो वेगळ्या ठशांचा, बराच स्वस्त प्रकार. त्यात ‘डी’ची सावली अनेकदा सापडते.

आता दहापट भिंग आणि एकच तिरका दिवा घ्या. नाणं हळूहळू फिरवत सालाखालची जागा पाहा. खोलगटपणा, बारीक समांतर ओरखडे, आजूबाजूपेक्षा वेगळी चमक दिसली की घेऊ नका. खरवडलेली जागा काळवंडवून लपवतात, म्हणून नेमका तिथेच गडद डाग असेल तर संशय वाढवा. वजनावर (३.११ ग्रॅम) विसंबू नका, एका अक्षरानं साधा काटा हलत नाही. आणि तपासण्याआधी नाणं घासू तर मुळीच नका. त्यानं नवे ओरखडे पडतात आणि जुने ओळखता येत नाहीत.